काळी खुर्ची: हेद विन नावाच्या शेतकरी कवीची गोष्ट नीट समजून घेऊ

वेल्समध्ये कवितेला बक्षीस म्हणून खुर्ची देतात. शाल-श्रीफळ नाही, रोख रकमेचं पाकीट नाही, तर सुतारानं घडवलेली, नक्षीकाम केलेली भक्कम लाकडी खुर्ची. कवीनं ती घरी न्यायची आणि बैठकीच्या खोलीत ठेवायची. कुणी विचारलं, की कुठल्या साली, कुठल्या गावच्या स्पर्धेत मिळाली ते सांगायचं. उत्तर वेल्सच्या डोंगराळ भागात त्राउसव्हनिद नावाचं गाव आहे आणि गावाबाहेर अर अस्गुर्न नावाचं शेत. तिथल्या थोरल्या मुलानं १९१५ पर्यंत अशा पाच खुर्च्या जिंकल्या होत्या. सहावी, सगळ्यांत मानाची खुर्ची घरी पोचली ती सप्टेंबर १९१७ मध्ये. तोवर त्याला बेल्जियममध्ये पुरून सहा आठवडे झाले होते.

त्याचं नाव एलिस हम्फ्री एव्हान्स आणि कवी म्हणून घेतलेलं नाव हेद विन. त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकतात: साधाभोळा मेंढपाळ होता, कविता करायचा, पहिल्या महायुद्धात मारला गेला, मेल्यावर पहिलं बक्षीस मिळालं, सगळी सभा रडली. यातलं खोटं फारसं काही नाही. ‘साधाभोळा’ हा शब्द मात्र मला खटकतो. ती खुर्ची काय प्रकरण आहे आणि ती मिळवायला काय करावं लागतं, हे कळलं की तो शब्द गळूनच पडतो.

खुर्चीसाठीची स्पर्धा

वेल्श लोकांचा कविता, गाणं आणि वक्तृत्वाचा मोठा उत्सव असतो. त्याला आयस्तेद्वोद म्हणतात. त्याची परंपरा ११७६ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी कार्डिगनच्या किल्ल्यात र्‍हीस नावाच्या वेल्श सरदारानं कवींची आणि वादकांची स्पर्धा भरवली होती आणि दोन्हींतल्या विजेत्यांना खुर्च्या दिल्या होत्या. पुढे ही प्रथा क्षीण झाली, पुन्हा उभी राहिली, आणि १८६० च्या दशकापासून राष्ट्रीय पातळीवरचं आयस्तेद्वोद नियमानं भरू लागलं. गावोगावची छोटी आयस्तेद्वोदं वेगळी. हेद विनच्या पहिल्या पाच खुर्च्या असल्याच स्पर्धांतल्या. पहिली १९०७ मध्ये बाला या गावी मिळाली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

राष्ट्रीय आयस्तेद्वोदात झगे घातलेले कवी, मुख्य पुरोहितासारखा एक ‘आर्चड्रुइड’, तलवार, तुताऱ्या असा सगळा थाट असतो. पाहणाऱ्याला वाटतं, हे दोन हजार वर्षांपूर्वीपासून चालत आलं असावं. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग योलो मोर्गानुग नावाच्या एका पट्टीच्या बनावट-कागदपत्रकारानं १७९२ मध्ये लंडनच्या एका टेकडीवर सुरू केलेला. लबाडी उघडी पडली, विधी मात्र टिकला. लोकांना तो आवडला होता आणि आजही आवडतो.

कवी टोपणनावानं कविता पाठवतात, त्यामुळे परीक्षकांना नाव-गाव कळत नाही. समारंभात परीक्षक आपलं मत वाचून दाखवतात, मग तुतारी वाजते आणि आर्चड्रुइड टोपणनाव पुकारून ‘त्या’ कवीला उभं राहायला सांगतो. हजारो लोकांच्या गर्दीतून एक माणूस उठतो. त्याला सन्मानानं मंचावर नेऊन खुर्चीत बसवतात. त्याच्या डोक्यावर तलवार म्यानातून अर्धीच उपसून धरतात आणि आर्चड्रुइड तीनदा विचारतो, ‘शांतता आहे का?’ सभा तीनदा ओरडून सांगते, ‘शांतता!’ मग तलवार पुन्हा म्यानात जाते.

राष्ट्रीय आयस्तेद्वोदात मोठी बक्षिसं दोन. मुक्त वळणाच्या कवितेला मुकुट मिळतो आणि पारंपरिक, कडक छंदातल्या दीर्घकवितेला खुर्ची. हा कडकपणा किती, ते पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कंगहानेद म्हणजे काय

वेल्श कवितेत यमक असतंच, पण ओळीच्या आत आणखी एक व्यवस्था असते. तिला कंगहानेद म्हणतात. तिच्या एका प्रकारात ओळीचे दोन भाग पडतात आणि पहिल्या भागात जी व्यंजनं ज्या क्रमानं आली, तीच त्याच क्रमानं दुसऱ्या भागात यावी लागतात. स्वर मात्र बदलायचे. मराठीत ओढूनताणून एक नमुना करून पाहिला:

पाणी गळे, पण गाळ.

पहिल्या भागात प, ण, ग, ळ. दुसऱ्या भागातही प, ण, ग, ळ. मला हे चार शब्द जुळवायलाच बराच वेळ लागला, आणि वेल्श नियम तर याहून कडक आहेत. शब्दावर आघात कुठे पडतो, त्यानंतरची व्यंजनं मोजायची की नाही, कुठली दोन व्यंजनं मिळून तिसऱ्यासारखी ऐकू येतात, याचं अख्खं शास्त्र आहे. दुसऱ्या एका प्रकारात ओळीच्या मध्यावरच्या शब्दाचा शेवट हा ओळीतल्या अखेरच्या शब्दाच्या उपान्त्य अक्षराशी जुळवायचा असतो. हेद विनची स्वतःची एक सात अक्षरांची ओळ अशी आहे: ‘एर ईर आल्माइन अस्ताइन्यो’. यातल्या ‘माइन’ला ‘ताइन’ उत्तर देतो. पारंपरिक छंद चोवीस आहेत. खुर्चीसाठीच्या दीर्घकवितेला आउद्ल म्हणतात, आणि आउद्लच्या प्रत्येक ओळीत कंगहानेद पाळावं लागतं. एखाददुसऱ्या नाही, प्रत्येक ओळीत, शेकडो ओळी.

म्हणजे ही खुर्ची प्रतिभेच्या एका झटक्यात मिळत नाही. तिला तालीम लागते. ही तालीम वेल्समध्ये विद्यापीठात कमी आणि शेतघरांत, प्रार्थनामंदिरांत, लोहाराच्या आणि चांभाराच्या दुकानांत जास्त होत आली. दोन शेतकरी बाजारात भेटले तर एंग्लिन म्हणजे चार ओळींच्या छंदोबद्ध कवितेनं एकमेकांची टर उडवत. अशा ठिकाणी मेंढपाळ असूनही कवी होता, असं म्हणण्यात काही राम नाही. मेंढपाळानं कवी असणं ही तिथली रीतच होती.

पीटचा ढीग आणि कोळशाची खाण

एलिसचा जन्म १३ जानेवारी १८८७ चा. वडील एव्हान, आई मेरी. पुढे भावंडं होत होत अकरा झाली. तो तान्हा असतानाच कुटुंब अर अस्गुर्नला राहायला आलं. डोंगरउताराचं शेत, पीक थोडं, मेंढ्या जास्त. आसपासच्या ब्लायनाय फेस्तिन्योगमध्ये पाटीच्या दगडाच्या खाणी. घरात आणि गावात भाषा वेल्श. शाळेत इंग्रजीला महत्त्व होतं, पण वेल्श लिहा-वाचायला शिकवणारी रविवारची शाळा प्रार्थनामंदिरात भरायची, आणि त्या पिढीच्या खेडुतांच्या साक्षरतेचं खरं श्रेय तिलाच.

वडील हौशी कवी होते. त्यांनीच मुलाच्या हाती छंदशास्त्राचं पुस्तक दिलं. बारा वर्षांचा होईतो त्याला कंगहानेद जमू लागलं होतं. त्याचं सुरुवातीचं एंग्लिन पीटच्या ढिगावर आहे. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजून दबलेली वनस्पती. ती विटांसारखी कापतात, रचून वाळवतात आणि चुलीत जाळतात. डोंगरातल्या घराचं हिवाळ्याचं जळण ते. पोरानं कवितेला विषय शोधायला घराबाहेर फार लांब जायची तसदी घेतली नाही.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो मेंढ्यांमागे जाऊ लागला. मेंढपाळ म्हणून तो काही खास नव्हता, लक्ष भलतीकडेच असायचं, अशी त्याची ख्याती. मध्यंतरी काही महिने तो दक्षिण वेल्समध्ये आबरकनन इथे कोळशाच्या खाणीवर गेला होता. तिथे करमलं नाही, परत आला. १९१० मध्ये कवींच्या एका मेळाव्यात त्याला ‘हेद विन’ हे नाव मिळालं. दरीतल्या धुक्यातून पाझरणाऱ्या उन्हावरून ते सुचलं, असं सांगतात.

१९१६ च्या आबरिस्त्विथच्या राष्ट्रीय आयस्तेद्वोदात त्याची आउद्ल दुसरी आली. अशा माणसाच्या मनात पुढच्या वर्षाचं काय असेल, हे स्पर्धेत थोडक्यात हुकलेल्या कुणालाही सांगायला नको. १९१७ साठी विषय जाहीर झाला होता: ‘अर आरुर’, म्हणजे ‘वीर’.

सैन्यात गेला कसा

१९१४ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती नव्हती. भरती स्वेच्छेची होती, पण वातावरण असं की न जाणाऱ्याला तोंड दाखवणं अवघड व्हावं. लॉइड जॉर्ज हा वेल्श भाषेत वाढलेला राजकारणी. त्यानं वेल्श सैन्य उभं करण्याचा ध्यास घेतला होता. काही धर्मोपदेशकही व्यासपीठावरून भरतीचा प्रचार करत होते. हेद विन बधला नाही. ख्रिस्ती शांततावादाकडे त्याचा कल होता आणि माणूस मारायची कल्पना त्याला सहन होत नव्हती.

जानेवारी १९१६ मध्ये कायदा आला: १८ ते ४१ वयाच्या अविवाहित पुरुषांना सैन्यात जाणं सक्तीचं. शेतीसारख्या गरजेच्या कामांना सूट होती, पण ती घराला सरसकट मिळत नव्हती. स्थानिक न्यायाधिकरण बसायचं आणि या शेतावर किती हात लागतात, किती आहेत, याचा हिशेब करायचं. अर अस्गुर्नवर हात जास्त ठरले. एका मुलाला जावं लागणार होतं. धाकटा भाऊ बॉब भरतीच्या वयात येत होता. तो जाऊ नये म्हणून थोरला गेला.

(भारतात असा सक्तीचा कायदा नव्हता. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात काही गावांत मात्र एक छोटी शिला दिसते: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले. ती माणसंही बहुतेक शेतकऱ्यांची मुलं होती आणि त्यांतले कित्येक मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेले. त्यांच्यातही ओव्या-पोवाडे रचणारे असतीलच. शिलेवर फक्त आकडे आहेत.)

१९१७ च्या सुरुवातीला हेद विन रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये दाखल झाला आणि लिव्हरपूलजवळच्या लिदरलँड छावणीत पोचला. रॉबर्ट ग्रेव्हज आणि सिगफ्रीड ससून हे पुढे गाजलेले इंग्रज युद्धकवी याच रेजिमेंटचे अधिकारी होते. हेद विन साधा शिपाई. तोपर्यंत त्याची ‘वीर’ कविता अर्धवट होती.

पाणबुड्या आणि सात आठवडे

इथे कथेला एक अजब वळण मिळतं आणि ते फारसं सांगितलं जात नाही. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीनं पाणबुड्यांना कुठलंही जहाज बुडवायची मोकळीक दिली. ब्रिटनचं बरंचसं धान्य समुद्रातून येत होतं. ते बुडायला लागल्यावर सरकारला घाम फुटला: देशातच जास्त जमीन नांगरली पाहिजे. पण नांगरणारे छावणीत कवायत करत होते. म्हणून मार्चमध्ये शेतीचं काम येणाऱ्या सैनिकांना तात्पुरतं घरी सोडायचं ठरलं. हेद विनला सात आठवडे मिळाले.

‘वीर’ कवितेचा मोठा भाग या सात आठवड्यांत अर अस्गुर्नला लिहून झाला. जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजं बुडवली नसती, तर वेल्समधली ही सर्वांत गाजलेली स्पर्धेची कविता बहुधा अपुरीच राहिली असती.

तो परतायला उशीर करत राहिला आणि शेवटी गवत कापणीच्या वेळी लष्करी पोलीस त्याला शेतातूनच घेऊन गेले, असं घरचे सांगत. जून १९१७ मध्ये तो फ्रान्समधल्या फ्लेशां गावी आपल्या १५ व्या बटालियनमध्ये पोचला. तिथून वेल्श वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या एका मजकुरात तो म्हणतो, की हवा जड, जीव जड आणि काळीजही जड, ही काही सुखाची त्रयी नव्हे. पुढच्याच दमात तो त्या देशाच्या सौंदर्याचं कौतुक करतो: तिथली झाडं त्याला जुन्या राजांच्या स्वप्नांसारखी दिसली. कविता त्यानं तिथेच पुरी केली, खाली ‘फ्लर-द-ली’ हे टोपणनाव घातलं आणि जुलैच्या मध्यावर, बटालियन बेल्जियमकडे कूच करत असताना, टपालात टाकली.

३१ जुलै

बेल्जियममधल्या ईपर शहराभोवतीची ही तिसरी मोठी लढाई. तिला पाशेंडाल असंही म्हणतात. ती ३१ जुलैला पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली आणि नोव्हेंबरपर्यंत चालली. आधीचे दोन आठवडे ब्रिटिशांनी चाळीस लाखांहून जास्त तोफगोळे टाकले होते. हा मुलूख सखल, माती चिकण, आणि शेतं टिकली होती ती पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या चरांमुळे. गोळ्यांनी ते चरच उद्ध्वस्त केले. मग पाऊस लागला आणि सगळ्याचा राबडा झाला. पाशेंडाल म्हटलं की जो चिखल आठवतो, तो हाच.

पण हेद विन त्या चिखलात मेला नाही. पाऊस लागला दुपारनंतर आणि तो सकाळीच पडला. त्याच्या ३८ व्या वेल्श डिव्हिजनकडे पिल्केमची टेकडी घ्यायचं काम होतं. टेकडी म्हणायची ती केवळ सभोवतालच्या सपाटीमुळे, नाहीतर सायकलस्वारालाही चढ जाणवू नये. डिव्हिजननं ती त्या दिवशी घेतली. लष्करी भाषेत तो यशस्वी दिवस होता.

त्याला पडताना पाहिलेला एक वेल्श सैनिक सायमन जोन्स. त्याची मुलाखत १९७५ मध्ये वेल्श लोकजीवनाच्या संग्रहालयानं ध्वनिमुद्रित केली. गोळ्याच्या टोकाचा तुकडा पोटात लागला, हेद विन हातापायांवर कोसळला, आणि त्यानं दोन्ही मुठींत माती धरली, असं त्या म्हातारपणीच्या आवाजात ऐकू येतं. जखमींच्या ठाण्यावर नेल्यावर सकाळी अकराच्या आसपास तो गेला. वय तीस.

बूझिंगेजवळच्या आर्टिलरी वुड दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याच दफनभूमीत फ्रान्सिस लेजविज हा आयरिश कवीही आहे. खेड्यातला, रस्त्याच्या कामावर मजुरी केलेला. तोही त्याच दिवशी, ३१ जुलैला, मारला गेला. एकाच दिवशी दोन ग्रामीण कवी एकाच आघाडीवर गेले, हे वाचून एखाद्याला दैवयोग वाटेल. मला त्यात योगायोग फारसा दिसत नाही. इतकी माणसं एका जागी उभी केली, की त्यांत कवी निघणारच.

बर्कनहेडचा समारंभ

१९१७ चं राष्ट्रीय आयस्तेद्वोद बर्कनहेडला भरलं. हे गाव इंग्लंडमधलं, लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे. पण त्या भागात पोटासाठी आलेली वेल्श माणसं भरपूर, म्हणून उत्सव तिथे. हेद विननं जिथे बंदूक चालवायला शिकली ती लिदरलँड छावणी नदीच्या दुसऱ्या काठाला, काही किलोमीटरवर.

६ सप्टेंबरला खुर्चीचा समारंभ झाला. लॉइड जॉर्ज आता पंतप्रधान होता आणि तो हजर होता. परीक्षक टी. ग्विन जोन्स यांनी निकाल वाचला: सर्वोत्तम कवी फ्लर-द-ली. तुतारी वाजली. फ्लर-द-ली यांनी उभं राहावं, असं आर्चड्रुइड दव्हेद यांनी पुकारलं. कुणी उठलं नाही. मग त्यांनी सांगितलं, की कवी काही आठवड्यांपूर्वी रणांगणावर पडला. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड पसरलं गेलं. तेव्हापासून त्या वर्षाच्या उत्सवाला काळ्या खुर्चीचं आयस्तेद्वोद हेच नाव पडलं. दव्हेद यांचे शब्द पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले: उत्सव अश्रूंत आणि कवी कबरीत.

हा प्रसंग उत्स्फूर्त नव्हता, हेही समजून घ्यायला हवं. टोपणनावाबरोबर कवीचं खरं नाव बंद लिफाफ्यात असतं आणि आयोजकांना ते समारंभाआधी कळलेलं होतं. काळं कापड तयार होतं. तरीही पुकारण्याचा विधी पूर्ण केला गेला, आणि ते बरोबरच केलं असं मला वाटतं. त्या सभेत बसलेल्या किती जणांच्या घरचं कुणी ना कुणी हाकेला ओ देणार नव्हतं! त्यांना आपलं रडू काढायला एक नाव मिळालं.

मात्र मंचाजवळ बसलेला पंतप्रधान तेच युद्ध चालवत होता आणि त्यानं भाषणही केलं. दुःखाला जागा देणं आणि त्याच दुःखाला प्रचाराच्या कामी लावणं या दोन गोष्टी त्या दिवशी एकाच मंडपात घडल्या.

खुर्ची घडवणारा कारागीर वेल्श नव्हता, युजीन व्हानफ्लेटेरेन नावाचा बेल्जियन होता. जर्मन सैन्य देशात घुसल्यावर मेखेलन शहरातून तो पळाला आणि बर्कनहेडला निर्वासित म्हणून राहिला. ब्रिटननं त्या काळात अडीच लाखांच्या आसपास बेल्जियन निर्वासितांना आसरा दिला होता, त्यांतला तो एक. ज्याचा देश गेला त्यानं ही खुर्ची कोरली आणि ज्याला ती मिळाली तो त्याच देशात पुरला गेला. खुर्चीवर केल्टिक वेलबुट्ट्या आणि ड्रॅगन आहेत. लाकूड ओकचं. ‘काळी’ हे नाव त्या कापडावरून आलं.

ती कविता आहे तरी कशी

‘वीर’ ही रणांगणावरच्या वीराची कविता असेल, असं कुणालाही वाटेल. ती तशी नाही. तिच्यात दोन मुख्य पात्रं आहेत: ‘वादळांची कन्या’ आणि ‘वीर’. कन्या म्हणजे प्रेम, सौंदर्य, निर्मितीची शक्ती, आणि वीर म्हणजे न्याय, स्वातंत्र्य, चांगुलपणा, असं साधारण मानतात. बलिदानातून दोघं एकत्र येतात आणि नव्या, बऱ्या युगाची चाहूल लागते. इंग्रज कवी शेलीचा तिच्यावर दाट प्रभाव आहे. शेलीचा प्रोमिथियस देवांकडून अग्नी आणून माणसाला देतो आणि त्याची शिक्षा भोगतो. हेद विनचा वीरही त्याच कुळातला. कविता ठिकठिकाणी दुर्बोध आहे, हे परीक्षकांच्याही लक्षात आलं होतं. छंदावरची पकड आणि कल्पनेचा आवाका यांमुळे ती पहिली आली.

माझं मत विचाराल तर ‘वीर’पेक्षा त्याच्या बारा ओळींच्या ‘युद्ध’ या कवितेत जास्त दम आहे, आणि वेल्श माणसांच्या तोंडी आहे तीही हीच. तिचा आशय असा: हाय, कसल्या क्रूर काळात जगतोय मी! समुद्राचं पाणी ओसरावं तसा देव दूरच्या क्षितिजाकडे ओसरत चाललाय, आणि मागे माणूस, मग तो राजा असो की रंक, आपली भेसूर सत्ता उभारतोय. देव गेला असं वाटताच त्यानं भावाला मारायला तलवार उचलली. लढाईचा आवाज आपल्या कानांत आहे, तिची सावली गरिबांच्या घरांवर. शेवटच्या चार ओळींत जुन्या वीणा पलीकडे वाळुंजाच्या फांद्यांना टांगलेल्या आहेत, वारा पोरांच्या किंकाळ्यांनी भरलाय आणि पोरांचं रक्त पावसात मिसळलंय.

झाडाला टांगलेल्या वीणा बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रातून येतात. बाबिलोनला बंदिवान म्हणून नेलेले यहुदी तिथे म्हणतात, की परक्या मुलखात आम्ही गाणी कशी म्हणू, वीणा आम्ही झाडांना टांगल्या. रविवारच्या शाळेत वाढलेल्या प्रत्येक वेल्श वाचकाला हे न सांगता कळायचं. गाणं हेच ज्यांचं वैभव, त्यांचं गाणं बंद पडलंय, एवढं तो दोन ओळींत सांगून मोकळा होतो. पुढचं पावसाचं तर वेल्समध्ये कुणाला समजावून द्यायची गरजच नाही.

म्हणून त्याला ‘युद्धविरोधी कवी’ हे लेबल लावून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. आधी कंगहानेदचा नमुना म्हणून दिलेली ती ‘माइन-ताइन’ची ओळ लढाईत पडलेल्या एका ओळखीच्या माणसावर लिहिलेल्या एंग्लिनमधली आहे. त्याचा अर्थ असा: त्याचं बलिदान वाया जाणार नाही, त्याचा लाडका चेहरा विसरला जाणार नाही, जर्मनीनं आपली पोलादी मूठ त्याच्या रक्तानं माखली असली तरी. ही भाषा शांततावादी माणसाची कमी आणि गावातलं पोर गमावलेल्या गावकऱ्याची जास्त आहे. युद्ध नको वाटणं, सैन्यात जावं लागणं आणि शत्रूचा राग येणं, या तिन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. त्याला साधाभोळा ठरवणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

नंतर

परीक्षकांपैकी जे. जे. विल्यम्स यांच्या संपादनाखाली १९१८ मध्ये त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं. नाव ‘मेंढपाळाच्या कविता’. १९२३ मध्ये त्राउसव्हनिदच्या रस्त्यावर त्याचा कांस्य पुतळा उभा राहिला आणि अनावरण त्याच्या आईनं केलं. त्या वर्षांत युरोपभर गावोगावी हेल्मेट-बंदूकवाल्या सैनिकांचे पुतळे उभे राहत होते. त्राउसव्हनिदकरांनी आपल्या माणसाला शेतातल्या कपड्यांत उभं केलं. खाली कोरलंय ते तेच एंग्लिन. दुसऱ्याच्या मरणावर त्यानं लिहिलेलं आता त्याच्याच पायाशी आहे. आर्टिलरी वुडमधल्या त्याच्या कबरीवर नेहमीच्या सरकारी मजकुराबरोबर नंतर ‘प्रमुख कवी हेद विन’ असे वेल्श शब्द कोरले गेले. २०१४ मध्ये पिल्केमच्या त्याच उतारावर वेल्श सैनिकांचं स्मारक झालं. त्यावर लाल ड्रॅगन आहे.

घराचं काय झालं, हा भाग मला सगळ्यांत आवडतो. खुर्ची आल्यापासून लोक अर अस्गुर्नला येऊ लागले. आगाऊ न कळवता, कुठल्याही वेळी. आईचं सांगणं एवढंच, की दार उघडं ठेवा. पुढे हेद विनचा भाचा जेरल्ड विल्यम्स यानं ते आयुष्यभर पाळलं. शेती करत करत तो येणाऱ्याला बैठकीत नेऊन खुर्च्या दाखवायचा. २०१२ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानानं घर आणि शेत विकत घेतलं, डागडुजी केली आणि २०१७ मध्ये, मृत्यूच्या शंभराव्या वर्षी, ते पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. मेंढ्या अजून आहेत.

वाचायची इच्छा झाली तर सुरुवात ‘वीर’पासून करू नका, कंटाळाल. ‘युद्ध’चे इंग्रजी अनुवाद सहज मिळतात, तिथून सुरू करा. आणि अनुवादावर न थांबता मूळ वेल्शमधलं वाचन एकदा कानांनी ऐका. शब्द कळणार नाहीत, पण हा माणूस लहानपणापासून कशाची तालीम करत होता, ते ऐकूनच कळतं.